दुबळ्या माणसाची शुगर

आमच्या नरसीत शुगर हा जाड माणसाचा आजार समजला जातो. गादीवर बसणारा, पोट पुढे आलेला, येता-जाता तोंडात गोड टाकणारा माणूस असेल तर त्याला शुगर होते, असा लोकांचा सरळ हिशेब. म्हणून माझ्या धाकट्या मामूंची तपासणी झाली आणि शुगर निघाली तेव्हा घरात कुणाचा विश्वास बसला नाही. मामू म्हणजे चालती-बोलती काठी. वजन पन्नासच्या आतलं. सगळं आयुष्य हळदीच्या शेतात राबण्यात गेलेलं, चहासुद्धा अर्धा कप. मामी लॅबच्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "इत्ते दुबले हैं ये, इनको शुगर कैसी होती?" दुसऱ्याचं रक्त बदलून आलं असेल म्हणून हिंगोलीला जाऊन पुन्हा तपासलं. आकडा तोच, किंबहुना थोडा जास्तच.

मामींचा प्रश्न भाबडा वाटतो, पण तो अडाणी नाही. नेमक्या याच प्रश्नावर पुण्यातल्या एका डॉक्टराने आपली हयात घालवली आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे त्यांचं नाव. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात ते मधुमेहावर संशोधन करत आले. मधुमेहतज्ज्ञ आणि लठ्ठपणाचे अभ्यासक त्यांना जगभर ओळखतात. आपल्याकडे शाळामास्तरांना, अंगणवाडीच्या ताईंना, आशा कार्यकर्त्यांना मात्र हे नाव क्वचितच माहीत असतं. मलाही ते नांदेडला फार्मसी शिकणाऱ्या माझ्या भाच्यामुळे कळलं.

मामूंचं ऐकून तो सुट्टीत घरी आला तेव्हा त्याने मोबाईलवर एक लांबलचक यादी उघडून दाखवली. डावीकडे शोधनिबंधाचं नाव, पुढे साल आणि प्रत्येकासमोर एक आकडा. काहींसमोर दोन अंकी, काहींसमोर चांगलेच मोठे. मी विचारलं, "इतक्या लोकांनी वाचलं का हे?" तो म्हणाला, "खाला, ये पढ़नेवालों की गिनती नहीं, हवाला देनेवालों की है."

हवाला. हा शब्द ऐकला की उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारखीला बरं वाटतं. वर्तमानपत्रांनी त्याला काळ्या पैशात बुडवून टाकलं, पण उर्दूत त्याचा मूळचा अर्थ इतकाच, की मी जे बोलतोय ते कुणाच्या भरवशावर बोलतोय हे सांगणं. मराठीच्या तासाला मी 'संदर्भासह स्पष्टीकरण' शिकवते आणि उर्दूच्या तासाला मजकुराचा हवाला द्यायला सांगते. दोन्हीकडे मुलं हाच भाग गाळतात. विज्ञानाच्या जगात तो गाळता येत नाही. कुणी नवा निबंध लिहिला की त्याने आधी कुणाकुणाच्या कामावर पाय ठेवला हे सांगावंच लागतं आणि त्या उल्लेखांची मोजदाद होते. याज्ञिकांच्या एकेका महत्त्वाच्या निबंधाचा हवाला शेकडो वेळा दिला गेला आहे. सगळ्या निबंधांचे मिळून ते हजारोंच्या घरात जातात.

या मोजदादीवरही आणखी एक मोजमाप आहे. हर्श नावाच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी 2005 मध्ये ते सुचवलं. एखाद्याचे वीस निबंध असे असतील की प्रत्येकाचा किमान वीस वेळा हवाला दिला गेला, तर त्याचा अंक वीस. एकच निबंध गाजला आणि बाकीचे पडून राहिले तर अंक वाढत नाही. ढिगाने निबंध काढले आणि कुणी विचारलं नाही तरी वाढत नाही. कल्पना बरी आहे. पण शाळेच्या निकालाची टक्केवारी मी इतकी वर्षं भरते आहे, त्यामुळे कुठल्याही एका आकड्यावर माझा पूर्ण भरवसा बसत नाही. हवाला देणारा कधी विरोध करण्यासाठीही देतो. ज्या विषयात माणसं जास्त, त्यात हवालेही जास्त. आणि तो आकडा हे सांगत नाही की त्या कामाने कुणाच्या ताटात काही बदललं का.

तर त्या यादीतला माझा आवडता निबंध जेमतेम एका पानाचा आहे. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला. त्यात एक फोटो आहे, दोन पुरुषांचा. एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा बीएमआय दोघांचाही 22.3. म्हणजे तक्त्यात दोघे अगदी 'सामान्य'. मग क्ष-किरणांच्या तपासणीने अंगातली चरबी मोजली. युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या अंगात 21.2 टक्के. दुपटीहून जास्त! खाली त्यांनी थोडी गंमतही केली आहे, की युडकिन मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक धावतात ते सकाळी लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोहोचण्यासाठी. पण धावणं, न धावणं एवढ्यावर बोट ठेवून ते थांबत नाहीत. आपण जन्मलो तेव्हा आपलं वजन कमी होतं, याकडेही याज्ञिक लक्ष वेधतात.

हाच त्यांच्या कामाचा गाभा आहे. आपल्या माणसाची चरबी कपड्यांवरून दिसत नाही. हातपाय काडीसारखे, पण स्नायू कमी आणि पोटाच्या आत चरबी जास्त. इंग्रजीत त्यांनी याला 'थिन-फॅट' म्हटलं, म्हणजे एकाच देहात बारीक आणि लठ्ठ. मी बराच वेळ याला मराठी शब्द शोधत बसले. सडपातळ आहे, शिडशिडीत आहे, लुकडा, काटकुळा, पाप्याचं पितर आहे. बारीक माणसाला आपल्याकडे शब्दांची वाण नाही, जाड्याला तर नाहीच नाही. दोन्ही एकत्र असणाऱ्याला मात्र एकही शब्द नाही. नववीच्या वर्गात हे सांगितलं तर मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, वरून काडी, आतून लोणी." याहून चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही.

आता ही गोष्ट सुरू कुठे होते? याज्ञिकांचं उत्तर आहे, आईच्या पोटात. 1993 च्या सुमारास केईएमने पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू केला. सुमारे अडीच हजार विवाहित बायकांची गरोदर राहण्याआधीपासून मोजमापं घेतली, त्या काय खातात आणि किती काम करतात ते टिपलं. त्यांची सातशेहून जास्त बाळं जन्मल्यावर मोजली आणि मग तीच मुलं वर्षानुवर्षं मोजत राहिले. आज ती मुलं स्वतः आई-बाप होण्याच्या वयाची आहेत. आपल्याकडे एखादी योजना तीन वर्षं टिकली तर सत्कार होतो. इथे तीस वर्षांहून जास्त काळ माणसं त्याच गावांत वजनकाटा घेऊन जात राहिली.

2003 साली त्यातल्या 631 बाळांची तुलना इंग्लंडच्या साउदॅम्प्टन शहरातल्या 338 बाळांशी झाली. आकडे सावकाश वाचावेत असे आहेत. पुण्याच्या गावांतल्या आयांचं सरासरी वय 21.4 वर्षं, वजन 44.6 किलो, उंची 152 सेंटीमीटर. साउदॅम्प्टनच्या आयांचं वय 26.8, वजन 63.6 किलो, उंची 163. इकडचं बाळ 2.7 किलोचं, तिकडचं 3.5 किलोचं. आपलं बाळ सगळ्याच मापांत लहान. पोटाचा घेर फार लहान, दंड बारीक. पण खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमट्यासारख्या उपकरणात धरून तिची जाडी मोजली, तेव्हा ती बाकीच्या मापांइतकी मागे पडलेली नव्हती. म्हणजे 2.7 किलोच्या त्या जिवाने स्नायू गमावले, पण चरबी धरून ठेवली. पोटात अन्न कमी पडलं की शरीर आधी मेंदू सांभाळतं आणि पुढच्या टंचाईसाठी साठा करतं. पुढे टंचाई आलीच नाही, उलट बिस्किटं, पाव आणि मोटारसायकल आली, की हीच काटकसर उलटते.

त्या निबंधावर आठ लेखकांची नावं आहेत. 631 बायकांपैकी एकीचंही नाही. रुग्णाचं नाव उघड करायचं नसतं, हे बरोबरच आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. पण हवाल्यांचा आकडा बघताना मला त्या बायका आठवतात. शेतातून येऊन, डोक्यावरचा भारा खाली ठेवून, काट्यावर उभ्या राहिलेल्या. जगातल्या शेकडो निबंधांच्या खाली त्यांचं 44.6 किलो वजन आहे.

माझे मामू 1972 च्या दुष्काळात जन्मले. मराठवाड्यात बहात्तर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. नानी तेव्हा रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची. खायला कामावर मिळणारी सुकडी आणि बाहेरून आलेली ती लाल मिलो. मामू पोटात असताना ती शेवटच्या महिन्यापर्यंत हातोडा उचलत होती, हे तिनेच आम्हाला सांगितलेलं. ती ते तक्रार म्हणून सांगायची नाही, हसत सांगायची. एका माणसाच्या आजाराचं कारण असं ठामपणे दाखवता येत नाही, हे मला कळतं. मामूंचे थोरले भाऊ चांगल्या सालात जन्मले आणि त्यांनाही उद्या शुगर निघू शकते. पण 1944-45 च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडल्यामुळे हॉलंडमध्ये दुष्काळ पडला होता. त्या काळात आईच्या पोटात असलेली माणसं पन्नाशीला आल्यावर तपासली, तर साखर पचवण्याची त्यांची ताकद इतरांपेक्षा कमी निघाली. मामूंची शुगर निघाली तीही पन्नाशीतच. नानी आज असती तर तिला हे सांगायची माझी हिंमत झाली नसती. ती स्वतःला दोष देत बसली असती आणि दोष तिचा नव्हताच.

ही जन्माच्या वजनाची गोष्ट पहिल्यांदा जगासमोर आणली ती साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी. पुण्याच्या 2003 च्या निबंधात त्यांचंही नाव आहे. पण बार्कर यांच्या हाती काय होतं? हर्टफर्डशायर परगण्यात 1911 पासून सुईणी आणि आरोग्यसेविका घरोघरी फिरून बाळाचं जन्माचं वजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन वहीत लिहीत. त्या वह्या कपाटात पडून होत्या. बार्कर यांच्या चमूने त्या शोधल्या आणि त्यातल्या साडेपाच हजारांहून जास्त पुरुषांचं पुढे काय झालं ते पाहिलं. बाळपणी ज्यांचं वजन कमी, ते हृदयविकाराने जास्त मेले. 1989 साली हे छापून आलं आणि वैद्यकशास्त्रात खळबळ उडाली. त्या सेविकांना काय ठाऊक, की आपली वही सत्तर वर्षांनी कोण उघडणार आहे. त्यांनी वजन नीट घेतलं आणि जे दिसलं ते लिहिलं, बस. आमच्या शाळेत आरोग्य तपासणीच्या दिवशी मुलींची उंची-वजनं लिहायचं काम माझ्याकडे असतं. गेल्या दोन वर्षांपासून मी चपला काढायला लावते आणि काटा शून्यावर आहे का ते स्वतः बघते. शिपाईमामा म्हणतात, "मॅडम, अर्ध्या किलोने काय फरक पडतोय?"

आता थोडं आपल्या घरातलं. पुण्याच्या त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. तिथल्या दोनतृतीयांश गरोदर बायकांच्या रक्तात बी-12 हे जीवनसत्त्व कमी होतं. फॉलिक ॲसिड मात्र जवळजवळ सगळ्यांत पुरेसं. 2008 साली आलेल्या निबंधात त्यांच्या मुलांची सहाव्या वर्षी केलेली तपासणी आहे. ज्या आयांचं बी-12 कमी आणि फॉलिक ॲसिड जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात इन्सुलिनचा असर सगळ्यांत कमी होत होता. म्हणजे शुगरच्या वाटेवरचं पहिलं पाऊल, तेही सहाव्या वर्षी.

बी-12 मिळतं ते दूध-दही, अंडी, मासे आणि मटणातून. भाजी-भाकरीत ते नसतं. हे सांगितलं की आपल्या घरांत एकच प्रतिक्रिया येते, "मग आपल्याला काय धोका, आपण तर गोश्तवाले." मलाही हे ऐकून क्षणभर हायसं वाटलं असतं, जर मी आमच्या दस्तरख्वानावर कधी बसलेच नसते. आमच्यासारख्या घरात गोश्त शिजतं आठवड्यातून एकदा, हात तंग असेल तर पंधरा दिवसांतून. आधी पुरुष बसतात, मग मुलं. शेवटी सून बसते तेव्हा पातेल्यात शोरबा असतो, दोन हाडं असतात आणि बटाटा असतो. ती गरोदर असेल तर सासू प्रेमाने एक बोटी बाजूला काढून ठेवते, हे मी पाहिलंय, नाही असं नाही. पण तेही आठव्या-नवव्या महिन्यात, सगळ्यांना पोट दिसायला लागल्यावर. याज्ञिकांचं म्हणणं खरं मानलं तर तोवर बराच उशीर झालेला असतो, कारण बाळाची घडण सुरुवातीच्या आठवड्यांतच चालू होते. म्हणूनच 2012 पासून त्या सहा गावांतल्या त्याच मुला-मुलींना, त्या वेळी ती सतरा-अठरा वर्षांची होती, बी-12 देण्याचा प्रयोग सुरू झाला. लग्नाच्या आधी, पुढच्या पिढीसाठी. आपण मुलीच्या लग्नाआधी जहेजची भांडी मोजतो.

हे मी पालक सभेत बोलले, तर एक आई दुसऱ्या दिवशी शाळेत आली. शाळेत मुलींना आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची निळी गोळी देतात. ती म्हणाली, "आपा, मग ती गोळी बंद करू का माझ्या पोरीची?" बरं झालं तिने विचारलं. गोळी बंद करायची नाही. आमच्या वर्गातल्या मुलींचे डोळे खाली ओढून बघा, रक्त किती कमी आहे ते कळेल. आणि फॉलिक ॲसिडमुळे बाळाच्या पाठीच्या कण्यातले जन्मजात दोष टळतात, हेही तितकंच पक्कं आहे. पुण्याचा अभ्यास सांगतो ते इतकंच, की एका गोळीवर समाधान मानू नका, सोबत बी-12 ही लागतं. तिला मी म्हटलं, गोळी राहू दे, आठवड्याला तीन-चार अंडी दे आणि ती भावाआधी दे. शेवटच्या वाक्यावर ती हसली.

अंड्याला पैसे लागतात हे मला माहीत आहे. पण याच अभ्यासातला 2001 चा एक निबंध सांगतो, की गरोदरपणात ज्या बायका हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळं आकाराने मोठी होती. एकूण किती उष्मांक पोटात गेले याच्याशी बाळाच्या आकाराचा तितका संबंध दिसला नाही. मेथी, शेपू, चुका, अंबाडी आमच्या आठवडी बाजारात ढिगाने येतात. मग घरातल्या बायका म्हणतात, "घास-पूस कौन खाता." तिथे मात्र गरिबी आड येत नाही.

आणि दुसऱ्या बाजूने एक नवीच गोष्ट शिरली आहे. दहावीच्या दोन-तीन मुली डबा उघडतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, डाएट. मोबाईलवर कुणीतरी सांगितलेलं असतं. रिश्ता बघायला येणारेही 'दुबली-पतली' विचारतात, आणि जिचं अंग थोडं भरलेलं आहे तिला वर्गात हत्ती म्हणतात. ज्या मुलीला आज बारीक म्हणून शाबासकी मिळते ती उद्याची 44 किलोची आई असते. जिला हत्ती म्हणतात ती लपून खाते, मग रडते, मग उपाशी राहते. या दोघींचं दुखणं वेगळं नाही. जेवणाचा संबंध भुकेशी उरत नाही, लोकांच्या नजरेशी जोडला जातो. यावर वर्गात बोलायला पाठ्यपुस्तकात धडा नाही. मी मराठीच्या निबंधाच्या तासाला तो विषय देते, 'माझा डबा'. काय काय लिहून येतं, ते पुन्हा कधीतरी.

बीएमआयचं काय करायचं? जगभर 25 च्या पुढे वजन जास्त मानतात. पण आपल्या देहाची ही घडण लक्षात घेऊन भारतातल्या तज्ज्ञांनी 2009 मध्ये ती रेघ 23 वर आणली. त्याहून सोपं माप कमरेचं आहे. पुरुषाची 90 सेंटीमीटर, बाईची 80 सेंटीमीटर, यापुढे गेली की सावध व्हायचं, माणूस दिसायला कसाही असो. इंचात सांगायचं तर पुरुषाला साडेपस्तीस आणि बाईला साडेएकतीस. हे ऐकून माझी भाभी उठली आणि आपली शिलाईची वही घेऊन आली. ती गल्लीतल्या बायकांचे सलवार-कुर्ते, ब्लाऊज आणि घरच्या पुरुषांचे पायजमे शिवते. पंधरा वर्षांची मापं त्या वहीत आहेत. खांदा तोच, दंड तोच आणि कंबर दरवर्षी अर्धा इंच पुढे, अशा कितीतरी ओळी. एक नाव वाचून ती थांबली. माझ्या भावाचं. दिसायला तो मामूंच्याच वळणाचा, बारीक. 2011 ला कंबर बत्तीस, या ईदला सदतीस.

भाऊ म्हणतो, मला काय धाड भरलीय. भाभीने मात्र गुरुवारची सकाळ ठरवली आहे. उपाशीपोटी हिंगोलीला जायचं, दोघांनीही.